हृदयातील तार आणि तिचे विरळ उपद्रव

मनुष्याचे हृदय एका दिवसात सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. या अखंड कामाची मूळ आज्ञा मेंदूकडून येत नाही. मेंदू फार तर वेग कमी-अधिक करू शकतो. आज्ञा निघते ती हृदयाच्याच उजव्या वरच्या कप्प्यातील एका लहानशा पेशीसमूहातून. तेथून विजेची एक सूक्ष्म लहर निघते, हृदयाच्या मधल्या पडद्याजवळ क्षणमात्र थबकते आणि मग तंतूंच्या दोन शाखांवाटे खालच्या दोन्ही कप्प्यांत एकाच वेळी पसरते. ही लहर पोहोचली की खालचे कप्पे आवळले जातात आणि रक्त सर्व शरीरात फेकले जाते. उतारवयात किंवा काही रोगांमुळे हा मार्ग झिजतो. आज्ञाच मंदावते किंवा वाटेत अडते. मग मिनिटाला साठ-सत्तर ठोके पडावयाचे तेथे तीस-पस्तीसच पडतात. मनुष्याला घेरी येते, चालता चालता तो कोसळतो आणि काही वेळा पुन्हा उठतही नाही. या दोषावर औषधांचा कायमचा इलाज नाही. इलाज आहे तो बाहेरून आज्ञा पुरविण्याचा, आणि ते काम पेसमेकर नावाचे यंत्र करते.

हे यंत्र आज काडेपेटीहूनही लहान झाले आहे. गळ्याच्या हाडाखाली त्वचेत एक कप्पा करून ते तेथे ठेवतात. त्यापासून निघणारी एक किंवा दोन तारा मोठ्या नीलेतून सरकवीत हृदयात नेतात आणि त्यांची टोके आतील भिंतीस अडकवितात. शस्त्रक्रियेस बहुधा तासाभराहून फार अधिक वेळ लागत नाही. ती जागा बधिर केली की पुरते. दोन-तीन दिवसांत रोगी आपल्या पायांनी घरी जातो.

इतक्या सोपेपणाने आज जे घडते, त्याचा आरंभ मात्र तसा नव्हता. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमधील कारोलिन्स्का रुग्णालयात आर्ने लार्सन या रोग्याच्या शरीरात जगातील पहिला पेसमेकर बसविण्यात आला. शल्यविशारद होते ओके सेनिंग आणि यंत्र बनविणारे अभियंते होते रुने एल्मक्विस्ट. बुटांच्या पॉलिशच्या डबीचा साचा करून त्यात राळ ओतून ते यंत्र घडविलेले होते, असे सांगतात. ते पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले. पुढे लार्सनच्या शरीरात वीसहून अधिक यंत्रे एकामागून एक बदलावी लागली. तरीही हा मनुष्य २००१ सालापर्यंत, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षापर्यंत जगला आणि अखेर मरण पावला तोही हृदयविकाराने नव्हे, तर कर्करोगाने. पेसमेकरची दोन्ही सत्ये या एका आयुष्यात सामावलेली आहेत. हे यंत्र जीवदान देते, हे पहिले सत्य. त्याच्याकडे लक्ष मात्र सतत ठेवावे लागते, हे दुसरे.

ते लक्ष कोणी ठेवावयाचे, हा प्रश्न मोठ्या शहरात फारसा बिकट नाही. उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यात मात्र तो फारच महत्त्वाचा ठरतो. सह्याद्रीच्या माथ्यावरील हा तालुका पूर्वी सुपा तालुका म्हणून ओळखला जाई. काळी नदी याच तालुक्यात डिग्गी गावाजवळ उगम पावते. तिच्यावर गणेशगुडी येथे सुपा धरण झाले, जुने सुपा गाव जलाशयाखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. तालुक्याचा बराच भाग आज काळी व्याघ्र प्रकल्पात मोडतो. अणशी, कुंभारवाडा, उळवी, डिग्गी, कॅसलरॉक अशी गावे रानात दूर दूर विखुरलेली आहेत. कुणबी, गवळी आणि इतर समाज तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. मराठी, कोकणी आणि कन्नड या तिन्ही भाषा त्यांच्या तोंडी असतात. पेसमेकर बसविण्याची सोय तालुक्यात नाही. त्यासाठी बेळगाव, हुबळी-धारवाड किंवा गोव्यात बांबोळी गाठावी लागते. शस्त्रक्रिया करून रोगी परत आला की तज्ज्ञ एका टोकास आणि रोगी दुसऱ्या टोकास, अशी स्थिती होते. मध्ये घाट असतो, रान असते आणि चार महिने पाऊस असतो. अशा ठिकाणी रोग्यावर पहिली नजर ठेवणारे लोक म्हणजे त्याच्या घरचेच. कोणत्या लक्षणाला किती किंमत द्यावयाची, हे त्यांना ठाऊक असले तर वेळ वाचतो, आणि या विकारात वेळ म्हणजेच जीव.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पुढे ज्या उपद्रवांचे वर्णन येईल ते विरळ आहेत. पेसमेकर बसविलेल्या बहुसंख्य रोग्यांना त्यांतील एकही होत नाही. तारेचे टोक हृदयाच्या भिंतीतून आरपार जाण्याचा प्रकार शंभरांत एकाहूनही कमी रोग्यांत आढळतो. तार जागेवरून सरकणे किंवा जखमेत जंतू शिरणे हे प्रकार शंभरांत एक ते तीन या हिशेबाने घडतात. तेव्हा उपद्रवांच्या भीतीने पेसमेकरच नाकारणे म्हणजे घसरून पडण्याच्या भीतीने पुरातील होडी नाकारण्यासारखे होय. परंतु ज्या घरात तो विरळ प्रकार घडतो, त्या घराला शेकड्याच्या हिशेबाचा काही उपयोग नसतो. त्या घराला उपयोग असतो तो लक्षण ओळखण्याचा.

हे उपद्रव समजून घेण्याची सोपी रीत म्हणजे त्यांची काळानुसार विभागणी करणे. काही पहिल्या दिवसांतले, काही पहिल्या आठवड्यांतले आणि काही पुढील वर्षांतले.

पहिल्या दिवसांतील सर्वांत गंभीर उपद्रव म्हणजे हृदयाच्या भिंतीस पडणारे छिद्र. उजव्या खालच्या कप्प्याची भिंत डाव्या कप्प्याच्या मानाने पातळ असते. कृश शरीराच्या वृद्धांत, विशेषतः स्त्रियांत, ती अधिकच नाजूक असू शकते. तारेचे टोक तिला टेकलेले असताना क्वचित ते भिंतीतून बाहेर निघते. हृदयाभोवती दुपदरी आवरणाची एक पिशवी असते. तिच्यात रक्त झिरपू लागले की ते हृदयास बाहेरून दाबते. पिशवी फारशी ताणली जात नसल्यामुळे थोडेसे रक्त झपाट्याने साचले तरी हृदयाला पसरण्यास जागा उरत नाही. भरावयास जागा नाही म्हणून फेकावयास रक्तही नाही. रोग्याच्या छातीत दुखते, धाप लागते, मानेच्या शिरा फुगतात, अंगाला थंड घाम सुटतो, रक्तदाब उतरतो. ध्वनितरंगांनी हृदयाचे चित्र काढणाऱ्या यंत्राने, म्हणजे इकोने, हे काही मिनिटांत दिसते आणि सुईने ते रक्त काढून घेतले की रोगी वाचू शकतो. बहुतेक वेळा हा प्रकार रुग्णालयातच ध्यानात येतो. क्वचित मात्र तार हळूहळू आरपार जाते आणि लक्षणे काही दिवसांनी, काही वेळा तर महिन्याहून अधिक काळानंतर, घरी गेल्यावर दिसतात.

अशा वेळी एक लक्षण असे असते की जे पाहून घरात हसण्यावारी नेले जाण्याचा संभव असतो. ते म्हणजे उचकी. उचकी लागली की कोणीतरी आठवण काढीत आहे, असे म्हणून पाण्याचा पेला पुढे करण्याची आपली जुनी रीत आहे. परंतु पेसमेकर बसविलेल्या मनुष्याला घड्याळाच्या ठोक्याप्रमाणे नियमित उचकी लागत असेल किंवा बरगडीखाली, पोटाच्या वरच्या भागी, ठरावीक अंतराने स्नायू उडत असेल, तर तारेची वीज हृदयाऐवजी छाती आणि पोट यांमधील पडद्यास पोहोचत असण्याची शंका घेतली पाहिजे. तार सरकलेली असेल, भिंतीत खोल रुतलेली असेल किंवा यंत्राच्या विजेचे प्रमाण थोडे अधिक असेल. शेवटचे कारण निरुपद्रवी असून बाहेरूनच यंत्राची मात्रा कमी करून दूर होते. पहिली दोन तशी नाहीत. कोणते कारण आहे हे घरी बसून ठरविता येत नाही. म्हणून ही उचकी पाण्याने थांबण्याची वाट पाहावयाची नसते.

तार सरकण्याचा प्रकार अधिक करून पहिल्या काही आठवड्यांत होतो. तारेचे टोक भिंतीत नीट रुजावयास तेवढा काळ लागतो. तोपर्यंत ज्या बाजूस यंत्र बसविले असेल त्या बाजूचा हात खांद्यापेक्षा वर उचलू नये आणि त्या हाताने जड ओझे ओढू नये, असे डॉक्टर सांगतात. शहरातील निवृत्त मनुष्याला हे पाळणे सोपे असते. डोक्यावर लाकडांची मोळी वाहणाऱ्या, कोयत्याने फांद्या तोडणाऱ्या, कुदळीने कंद खणणाऱ्या जोयड्याच्या शेतकऱ्याला हेच नियम फार कठीण जातात. बरे वाटू लागले की हात आपोआप कामाकडे वळतो. म्हणून घरच्यांनी हे काही आठवडे काटेकोरपणे जपावे. याचा अर्थ हात गळ्यात बांधून निश्चल ठेवावा असाही नव्हे. तसे केल्यास खांदा आखडतो. कोपरापासून आणि खांद्याखालच्या मर्यादेत हात हलता ठेवणे हिताचे असते.

याच संदर्भात एक चमत्कारिक प्रकार वैद्यकात नोंदलेला आहे. १९६८ साली कॅनडातील डॉक्टरांनी त्याचे प्रथम वर्णन केले. त्वचेखालचे यंत्र काही रोगी नकळत बोटांनी चाळवीत राहतात. सैल त्वचेत ते यंत्र स्वतःभोवती फिरू लागते आणि रहाटावर दोर गुंडाळावा तशी तार त्याच्याभोवती गुंडाळली जाते. अखेर टोक हृदयातून ओढले जाते आणि आज्ञा थांबते. रोग्याला पूर्वीसारखी घेरी येऊ लागते. क्ष-किरणांच्या एका चित्रात गुंडाळलेली तार स्पष्ट दिसते. यावरचा उपाय जितका साधा, तितकाच सांगावयास सुटणारा आहे: जखमेच्या जागी उंचवटा लागला तरी तो चाळवू नये.

पहिल्या दिवसांतील आणखी एक विरळ उपद्रव असा आहे की, ज्यात तारेचा दोष नसतो आणि यंत्राचाही नसतो. १९९० साली जपानमधील डॉक्टरांनी हृदयाच्या एका विकाराला ताकोत्सुबो हे नाव दिले. ताकोत्सुबो म्हणजे अष्टपाद पकडण्याचे जपानी मडके. तोंड अरुंद आणि पोट गोल. तीव्र भय, शोक किंवा शारीरिक ताण यांच्या आघाताने काही व्यक्तींच्या हृदयाचे टोक एकाएकी लुळे पडते आणि हृदयाला त्या मडक्याचा आकार येतो. लक्षणे हुबेहूब हृदयविकाराच्या झटक्यासारखी असतात. परंतु हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासल्या तर त्यांत तसा अडथळा सापडत नाही. पाळीचे वय उलटून गेलेल्या स्त्रियांत हा विकार विशेष आढळतो. पेसमेकर बसविल्यानंतरच्या काही तासांत किंवा दिवसांत तो झाल्याची उदाहरणे जगातील निरनिराळ्या देशांतील वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. त्यांतील समाधानाची गोष्ट अशी की, योग्य देखरेख मिळाल्यास बहुतेकांचे हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होते. यातून एक बोधही निघतो. जो रोगी आयुष्यात प्रथमच मोठ्या शहरात आणला जातो, ज्याला आजूबाजूची भाषा पुरती कळत नाही आणि छातीत काय घालणार आहेत हे कोणी सांगितलेले नसते, त्याच्या मनावरचा ताण ही क्षुल्लक बाब नव्हे. शस्त्रक्रियेपूर्वी त्याच्या बोलीत चार शब्द समजावून सांगणे हाही उपचाराचाच एक भाग होय.

आता पहिल्या आठवड्यांतील उपद्रवांकडे वळावयाचे. हृदयाच्या आवरणास तारेमुळे झालेली किंचित इजा काही रोग्यांच्या शरीरात उशिरा प्रतिक्रिया उत्पन्न करते. शरीराची संरक्षक यंत्रणा त्या आवरणावरच उलटते, ते सुजते आणि आत पाणी साचू लागते. काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी रोग्याला बारीक ताप येतो आणि छातीत दुखते. या दुखण्याची एक खूण आहे. खोल श्वास घेतला किंवा उताणे झोपले की ते वाढते, आणि पुढे वाकून बसले की कमी होते. वेळीच ओळखल्यास सूज उतरविणाऱ्या औषधांनी ते बरे होते. या औषधांत कोल्चिसिन नावाचे एक जुने औषध आहे. योगायोग असा की, सह्याद्रीच्या रानात पावसाळ्यात लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुले येणारी जी कळलावी, तिच्या कंदातही हेच द्रव्य असते. परंतु तो कंद जहाल विषारी आहे. त्यातील द्रव्याचे प्रमाण हाताने मोजता येत नाही आणि त्याने माणसे दगावली आहेत. जोयड्यातील कुणबी समाज कंदांची पारख आणि लागवड यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि कोणता कंद खावयाचा, कोणता टाळावयाचा हे तेथील वृद्ध स्त्रियांइतके क्वचितच कोणास ठाऊक असेल. त्यांच्या या ज्ञानाचा मान राखूनच सांगावयाचे ते हे की, हृदयाच्या दुखण्यावर हा प्रयोग कोणीही करू नये.

यानंतरचा उपद्रव म्हणजे जंतुसंसर्ग. जखमेच्या जागी लाली, गरमपणा, पाणी किंवा पू दिसला तर तो त्वचेपुरताच आहे असे मानून चालत नाही. कारण त्याच जागेतून निघालेली तार थेट हृदयात गेलेली असते. जंतूंना ती आयतीच वाट मिळते. तारेवर आणि हृदयाच्या झडपेवर त्यांची वस्ती झाली की रोग्याला हुडहुडी भरून ताप येतो, जातो, पुन्हा येतो. भूक मंदावते, वजन उतरते. हे पहिल्या महिन्यातही घडू शकते आणि यंत्र बसवून वर्ष लोटल्यावरही घडू शकते. जखमेवर पाला वाटून लावणे, हळद भरणे किंवा फोड समजून सुईने टोचणे यांमुळे हा धोका वाढतो.

जोयड्यासारख्या प्रदेशात या तापाची ओळख पटण्यास एक विशेष अडचण आहे. रानात राहणाऱ्याला ताप येण्यास इतर कारणे पुष्कळ असतात. हिवताप असतो, पावसाळ्यात उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टो असतो. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर रानात ज्याचा प्रथम शोध लागला तो माकडताप उत्तर कन्नडच्या काही भागांतही आढळला आहे. त्यामुळे ताप आला की रोगी आणि डॉक्टर दोघांचेही लक्ष प्रथम तिकडे जाते. छातीतील यंत्राचा उल्लेखही होत नाही. एखाद्या जंतुनाशकाच्या गोळ्या दिल्या जातात, ताप चार दिवस दबतो आणि पुन्हा उसळतो. या गोळ्यांनी नुकसान असे होते की, पुढे रक्त तपासले तरी त्यात जंतू वाढवून ओळखता येत नाहीत. म्हणून पेसमेकर असलेल्या मनुष्याने कोणत्याही तापासाठी दवाखान्यात गेल्यावर पहिले वाक्य छातीतील यंत्राविषयी बोलावे आणि जंतुनाशक सुरू करण्यापूर्वी रक्त तपासणीसाठी घेता येईल काय, असे विचारावे. खरोखरच तारेवर जंतू असतील तर केवळ औषध पुरत नाही. बहुधा यंत्र आणि तारा दोन्ही काढून, काही आठवडे शिरेतून औषध देऊन, आवश्यक असल्यास दुसऱ्या बाजूस नवे यंत्र बसवावे लागते. हे अवघड असले तरी होण्यासारखे आहे. उशीर झाला तर मात्र तेही होत नाही.

तिसरा वर्ग पुढील वर्षांतील उपद्रवांचा. यांत एक असा आहे की जो हळूहळू येतो आणि म्हणूनच म्हातारपणाच्या नावावर खपून जातो. तो समजण्यासाठी हृदयातील आज्ञेचा नैसर्गिक मार्ग पुन्हा आठवावा लागेल. १८९३ साली विल्हेल्म हिस यांनी वरच्या आणि खालच्या कप्प्यांना जोडणारा तंतूंचा जुडगा शोधला. १९०६ साली सुनाओ तावारा या जपानी संशोधकाने, जर्मनीत काम करीत असता, त्या मार्गाची संपूर्ण रचना दाखवून दिली. या मार्गाने लहर डाव्या-उजव्या दोन्ही कप्प्यांना एकदमच मिळते. पेसमेकरची तार मात्र पुष्कळ वर्षे उजव्या खालच्या कप्प्याच्या टोकास लावण्याची रीत होती. तेथून निघालेली लहर तंतूंच्या हमरस्त्याने न जाता स्नायूंच्या पायवाटेने पसरते. उजवी बाजू आधी आवळते, डावी मागाहून. पालखी वाहणाऱ्या भोयांपैकी दोघांचे पाऊल आधी आणि दोघांचे मागाहून पडावे, तसे हे होते. पालखी पुढे जाते. पण डोलते, आणि भोई लवकर थकतात. बहुतेक हृदये हे वर्षानुवर्षे सोसतात. काहींचा डावा कप्पा मात्र थकतो, फुगतो आणि दुबळा होतो. ज्यांचे जवळजवळ सर्वच ठोके यंत्राच्या आज्ञेने पडतात, त्यांच्यात हा संभव अधिक असतो.

लक्षणे साधी असतात. पूर्वी एका दमात चढली जाणारी टेकडी दोनदा थांबून चढावी लागते. रात्री उशी वाढवावी लागते. संध्याकाळी पावलांवर बोट दाबले तर खळगा राहतो. यंत्र बसवून पाच-सात वर्षे झालेली असतात, नाडी नियमित असते, म्हणून यंत्राकडे शंकेने पाहण्याचे कोणास सुचत नाही. वय झाले, एवढेच म्हटले जाते. वस्तुतः इकोच्या एका तपासणीने हा दोष दिसून येतो आणि तारेची योजना बदलल्यास कित्येकांचे हृदय पुष्कळ अंशी सुधारते. पायांवरील सुजेचे आणखी एक कारण असू शकते. तार उजव्या बाजूच्या झडपेतून गेलेली असते. ती झडपेच्या पाकळीस अडखळली तर झडप पुरती मिटत नाही, रक्त मागे गळते आणि पाय व पोट सुजतात. तेही इकोतच कळते.

या दोषावर विज्ञानाने शोधलेला मार्ग मोठा सुंदर आहे. जो हमरस्ता निसर्गाने बांधला आहे, त्यालाच वीज पुरविली तर? २००० साली अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील सेअर या लहानशा गावी काम करणारे डॉ. प्रमोद देशमुख आणि त्यांचे सहकारी यांनी मनुष्याच्या हृदयात थेट हिसच्या जुडग्यावर कायमची तार बसवून दाखविली. मराठी कानांना ओळखीचे वाटणारे हे आडनाव पेसमेकरच्या इतिहासात त्यामुळे कायमचे नोंदले गेले. पुढे २०१७ साली चीनमधील वेंझौ येथील डॉ. हुआंग वेइजियान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तार थोडी पुढे, मधल्या पडद्यातून डाव्या शाखेजवळ नेण्याची रीत प्रसिद्ध केली. आता ही रीत भारतातील हृदयविकारतज्ज्ञही वापरीत आहेत. सर्वच रोग्यांना तिची गरज असते असे नाही; परंतु शस्त्रक्रियेपूर्वी तिच्याविषयी विचारण्याचा हक्क प्रत्येक रोग्याला आहे.

या विषयात लोकांची भीती आणि खरा धोका यांची अनेकदा चुकामूक होते. काळी प्रकल्पाच्या उच्च दाबाच्या विजेच्या तारा रानावरून जातात. त्यांच्या खालून चालत गेल्यास पेसमेकर बंद पडेल, असे भय अनेकांस वाटते. सामान्यतः तसे होत नाही. घरातील दिवा, पंखा, मिक्सर, दूरदर्शन संच यांचेही भय नाही. मोबाइल फोन छातीवरील खिशात, यंत्राला लागून, ठेवू नये, एवढे पुरे. विजेच्या जोडकामाचे यंत्र आणि मोठी जनित्रे यांपासून दूर राहावे, आणि एमआरआय तपासणीपूर्वी यंत्राविषयी सांगावे. ज्याची भीती वाटत नाही तेच खरे घातक असते: चिघळणारी जखम, पुन्हा पुन्हा येणारा ताप, नियमित उचकी, वाढती धाप आणि परत आलेली घेरी.

घरच्यांनी करावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. यंत्र बसविल्यावर रुग्णालय एक पत्रिका देते. तीत यंत्राचा प्रकार, बसविल्याची तारीख आणि इतर तपशील असतात. यंत्र मिनिटाला किमान किती ठोके देईल हा आकडाही तीत लिहून घ्यावा. पावसाळी प्रदेशात ती प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी आणि तिचे छायाचित्र घरातील दोन फोनांत असू द्यावे. आठवड्यातून एकदा रोग्याची नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी. शाळेत जाणाऱ्या नातवालाही हे शिकविता येते. नाडी त्या किमान आकड्यापेक्षा बरीच कमी भरली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावी. कधी कधी हृदयाचे जादा ठोके मनगटापर्यंत पोहोचत नाहीत आणि आकडा उगाच कमी दिसतो; परंतु आकडा कमीच भरत राहिला तर तपासणी करून घ्यावी. त्याबरोबर घेरी असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता निघावे. छातीत दुखून धाप लागली, शुद्ध हरपली किंवा थंड घाम सुटून रोगी निस्तेज झाला, तर ती तातडीची वेळ समजावी. अशा वेळी जवळच्या डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढून तो शस्त्रक्रिया केलेल्या तज्ज्ञांस दाखविला, तर कोणत्या गावास न्यावे याचा निर्णय प्रवास सुरू होण्यापूर्वीच होऊ शकतो.

शेवटची गोष्ट नियमित तपासणीची. यंत्राची विद्युत्घटिका साधारणपणे आठ ते बारा वर्षे चालते. ती संपत आल्याचे यंत्र महिनोन्‌महिने आधी कळविते, पण ते कळते तपासणीस गेलेल्यालाच. शेतकऱ्याच्या घरात तपासणीची तारीख पेरणीत किंवा पावसात आली की ती हुकते, आणि एकदा हुकली की वर्ष जाते. म्हणून ती तारीख पंचांगाशी जुळवून घेणे शहाणपणाचे. मृग लागण्यापूर्वी एकदा आणि कापणी आटोपल्यावर, दिवाळीनंतर, एकदा, असा नेम धरला तर घाटातील दरडी आणि भरलेले ओढे आड येत नाहीत.

पेसमेकर हृदयाला ठोका देतो. परंतु त्या ठोक्याने पुढे काय घडते आहे हे त्याला सांगता येत नाही. ते सांगतात रोग्याचे पाय, त्याचा श्वास, त्याचा ताप आणि त्याची उचकी. डिग्गी किंवा कुंभारवाड्यातील एखाद्या घरात ही भाषा समजणारा एक जरी मनुष्य असला, तरी बेळगाव किंवा बांबोळी गाठण्यास जो वेळ लागतो तो पुरेसा ठरण्याचा संभव कितीतरी वाढतो.